जेनेरिक लिहा म्हणता, पण काउंटरमागे कोण बसलंय?

कृष्णाकाठ

मागच्या आठवड्यात इथेच एका धाग्यावर "डॉक्टरांना जेनेरिक नावाने औषध लिहायची सक्ती करा" यावर बहुतेकांचं एकमत झालेलं वाचलं. मी कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात एकोणीस वर्षं मेडिकल चालवते. तिथेच प्रतिसाद लिहायला बसले होते, तो इतका वाढला की वेगळा धागा काढतेय.

आधी एक प्रसंग सांगते.

गेल्या पावसाळ्यात बाजारच्या दिवशी एक आजोबा आले. सोबत नात. आजोबांचे घोटे सुजलेले, चपलेचा पट्टा कातडीत रुतलेला. "सुजेची गोळी द्या, आणि चक्करेचीबी द्या," म्हणाले. मी म्हटलं, आधी चालू औषधं बघू द्या. नातीने पिशवी काउंटरवर रिकामी केली. दोन चिठ्ठ्या निघाल्या, एक गावातल्या डॉक्टरांची, एक कोल्हापूरच्या हार्टच्या डॉक्टरांची. आणि दोन स्ट्रिपा. एक हिरवी, एक निळी, दोन कंपन्या, दोन नावं. गोळ्या काढून काढून मागची चांदी फाटलेली, नाव अर्धंमुर्धं उरलेलं. ट्यूबलाइटखाली धरून वाचलं. दोन्हीत ॲम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. आजोबा सकाळी हिरवी खात होते आणि रात्री निळी. रक्तदाबाचं एकच औषध तीन महिने दोनदा पोटात जात होतं. घोट्याला सूज येणं आणि चक्कर येणं हे त्याच औषधाचे नेहमीचे दुष्परिणाम.

डॉक्टरांना दोष देता येणार नाही. आजोबांनी कोल्हापूरला "बीपीची एक गोळी चालू हाय" एवढंच सांगितलं होतं, नाव त्यांना सांगता आलं नव्हतं. मीही गोळी बंद करा म्हणाले नाही, तो माझा अधिकार नाही. गावातल्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, त्यांनी लगेच बोलावून घेतलं. सुजेची गोळी मी विकली नाही.

त्या दोन्ही स्ट्रिपा एकाच दुकानातून घेतलेल्या होत्या. तिथे भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट आहे. पण त्या फार्मासिस्टला गावात कुणी कधी पाहिलेलं नाही.

आता जेनेरिककडे येते. या एका शब्दाला आपण तीन-चार अर्थ चिकटवलेत. एक म्हणजे औषधाचं मूळ नाव, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन वगैरे. दुसरा अर्थ, ज्याचं पेटंट नाही किंवा संपलंय असं औषध. या अर्थाने माझ्या दुकानातल्या कपाटातला जवळजवळ सगळा माल जेनेरिकच आहे, फक्त प्रत्येक कंपनीने त्याचं आपापलं बारसं केलेलं आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधावर पेटंट मिळत नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. त्यामुळे वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायची मोकळीक मिळाली आणि २००५ पर्यंत आपले कारखाने त्यावर मोठे झाले. तिसरा अर्थ जनऔषधी केंद्रातलं, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातलं औषध. ही योजना २००८ ची, पण खरा जोर गेल्या दहा वर्षांत आला, जानेवारी २०२५ पर्यंत देशभरात १५,००० केंद्रं झाली.

आणि चौथा अर्थ आमच्या धंद्यातला, जो गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. मोठ्या नावाच्या कंपन्यासुद्धा एक वेगळा माल काढतात, ज्याला स्टॉकिस्ट, म्हणजे आमचा घाऊक विक्रेता, "जेनेरिक माल" म्हणतो. त्याला एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा कंपनीचा माणूस नसतो, डॉक्टरांकडे जाहिरात नसते. दुकानात तो वीस रुपयांच्या आत पडतो आणि छापील किंमत शंभराच्या घरात असते. दुकानदार म्हणतो, "काकू, जेनेरिक देतो, तीस टक्के कमी." काकू सत्तर रुपये देऊन खूश होऊन जातात. मधले पन्नास कुणाचे झाले ते त्यांना कधीच कळत नाही. हे सगळं कायद्यात बसतं. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशात अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिली जाते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. यादीबाहेरच्या औषधांची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, पण पहिली किंमत किती छापायची ते कंपनीच ठरवते.

म्हणून मला मनापासून वाटतं, की डॉक्टरांनी नुसतं मूळ नाव लिहिल्याने स्वस्ताई येणार नाही. डॉक्टरांच्या पेनातली निवड काउंटरवर येईल, इतकंच. आणि काउंटरवर आत्ता काय परिस्थिती आहे?

कायदा दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहे. १९४८ चा फार्मसी कायदा म्हणतो की नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणीही चिठ्ठीवरचं औषध देऊ नये. १९४५ च्या औषध नियमांत ६५ क्रमांकाचा नियम म्हणतो की त्याच्या स्वतःच्या देखरेखीखालीच औषध दिलं जावं. त्याच नियमात ११-अ हे कलम आहे. त्यानुसार शेड्यूल एच आणि एक्समधल्या (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्या) औषधाची चिठ्ठी आली तर त्याऐवजी दुसरं काहीही देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरी. म्हणजे चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल आणि त्याच औषधाची निम्म्या किमतीची, मला खात्री असलेली गोळी माझ्याकडे असेल, तरी मी ती देऊ शकत नाही. शिकलेल्या माणसाचे हात कायद्याने बांधलेत. आणि ज्या दुकानात शिकलेला माणूसच नाही, तिथे काउंटरवरचा बारावी नापास पोरगा दिवसभर बिनधास्त अदलाबदल करतोय.

सर्टिफिकेटबद्दल माझंही सांगते, कारण ते लपवून हा धागा काढणं बरोबर होणार नाही. डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झाल्यावर, स्वतःचं दुकान नव्हतं तेव्हा, मी माझं सर्टिफिकेट आठ महिने भाड्याने दिलं होतं. दुकान आमच्या गावापासून वीस किलोमीटरवर. महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच. "ताई, तुम्ही यायची गरजच नाही, इन्स्पेक्टर साहेब येणार असले की फोन करू." माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलींनी असंच केलेलं होतं, त्यामुळे त्यात काही गैर आहे असं तेव्हा वाटलंच नाही. एकदा त्या बाजूला लग्नाला गेले होते म्हणून दुकानात डोकावले. बिलबुक काउंटरवर उघडं होतं. कार्बनची निळसर प्रत, खाली "फार्मासिस्टची सही", आणि तिथे माझी सही. पान उलटलं, पुन्हा माझी सही. झोपेच्या गोळ्या, अँटिबायोटिक, एका तान्ह्या बाळासाठी दिलेलं औषध, सगळ्याखाली मी. यातली एकही सही मी केलेली नव्हती. मी खुर्चीवर चढून सर्टिफिकेटची फ्रेम काढून घेतली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला होता. त्या बाळाचं पुढे काय झालं असेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

माझं मागणं सरळ आहे. फार्मासिस्टला बदलून द्यायचा अधिकार द्या आणि त्याच वेळी त्याला खुर्चीत बसवा. बदललं की बिलावर लिहायचं, काय होतं, काय दिलं, बॅच नंबर, किंमत किती कमी झाली, आणि खाली खरी सही. दोन्ही एकत्रच यायला हवं. यातलं एकच केलं तर आत्तापेक्षा वाईट होईल.

डॉक्टर, पेशंट, दुकानदार, सगळ्यांनी लिहावं ही विनंती.

मुळामुठा

ताई, धन्यवाद. सर्टिफिकेटचं लिहिलंत ते सोपं नव्हतं.

आईची डायबेटिस आणि बीपीची औषधं आम्ही तीन वर्षांपासून जनऔषधीतून घेतो. शुगर व्यवस्थित आहे, महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आलाय. पण प्रत्येक वेळी एखादं औषध तिथे संपलेलं असतं आणि ते बाहेरून आणावं लागतं. मग आई म्हणते, "ही गोळी वेगळी दिसते, मी नाही घेणार." तिला कसं समजवायचं?

तालुक्याचा डॉक्टर

मी सोलापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. तुमच्या प्रसंगातल्या गावातल्या डॉक्टरांच्या जागी मी अनेकदा असतो, म्हणून लिहितो.

जेनेरिक नावाने लिहायचा आग्रह नवा नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेतच "शक्यतो" जेनेरिक नाव लिहावं असं होतं, २०१६ ला ते सुवाच्य आणि मोठ्या अक्षरांत लिहा असं आलं. मग २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली काढली, त्यात जेनेरिक नाव बंधनकारक आणि मोडलं तर कारवाई. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ती स्थगित झाली. डॉक्टरांनी विरोध केला म्हणून लोकांनी आम्हाला बरंच ऐकवलं. कट-कमिशन घेणारे आमच्यात आहेत, ते मी नाकारणार नाही. त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे.

पण माझी अडचण वेगळी आहे. माझा एक पेशंट आहे, बत्तीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवतो. आकडीसाठी फेनिटॉइनवर आहे, चार वर्षं एकही झटका नाही. फेनिटॉइनमध्ये उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. थोडं कमी शोषलं गेलं की झटका, थोडं जास्त झालं की तोल जातो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचं तसंच, थायरॉइडच्या गोळीचंही बऱ्याच अंशी तसंच. याला मी दर महिन्याला त्याच कंपनीची गोळी घ्यायला सांगतो. उद्या मी नुसतं "फेनिटॉइन १००" लिहिलं आणि दुकानातल्या पोराने या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात दुसरी दिली, आणि हा माणूस ट्रॅक्टरवर असताना त्याला झटका आला, तर त्याच्या घरचे माझ्या दारात येतील. आणि त्यांचं यायचं बरोबरच असेल.

तुमच्यासारखा माणूस काउंटरवर असेल तर मी आज मूळ नावाने लिहायला तयार आहे. माझ्या दवाखान्यासमोर तीन मेडिकल आहेत. त्यातल्या एकाही ठिकाणी मला फार्मासिस्ट भेटलेला नाही.

पिंपरी अकरा बाय दोन

मी निवृत्त आहे, वय ७६. उमेदीची वर्षं औषधांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. सुरुवात पिंपरीत झाली, जिथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन या देशात आणि तेही आपल्या सरकारी कारखान्यात बनतं, याचा आम्हाला किती अभिमान होता ते आजच्या पिढीला सांगून कळायचं नाही.

मुळामुठा, आईंना असं सांगा. गोळीचा रंग, आकार हा कंपनीचा. आतलं औषध तेवढंच असावं लागतं. पण तेवढंच असून भागत नाही, ते पोटात सुटलंही पाहिजे. आम्ही ते तपासायचो. काचेची सहा भांडी, प्रत्येकात साधारण ९०० मिलिलिटर द्रव, शरीराइतकं कोमट, ३७ अंशांवर. प्रत्येकात एकेक गोळी टाकायची, वर पॅडल संथ फिरत राहायचं. ठरलेल्या मिनिटाला पिचकारीने थोडं थोडं द्रव काढून मोजायचं, किती टक्के औषध सुटलं. चांगली गोळी हळूहळू विरत जाते, भांड्यात ढग पसरल्यासारखा दिसतो. खराब गोळी अर्ध्या तासानंतरही तळाशी खड्यासारखी बसून असायची. आत औषध शंभर टक्के, पण पेशंटला उपयोग शून्य. अशा बॅचा मी स्वतः नापास केल्यात.

याच्या पुढची पायरी म्हणजे माणसांवर तपासून रक्तात औषध मूळ औषधाइतकंच पोचतं का ते बघणं. जी औषधं पाण्यात नीट विरघळत नाहीत त्यांच्यासाठी ही चाचणी २०१७ पासून बंधनकारक झाली. त्याआधी परवाने मिळालेला माल बाजारात आहेच. डॉक्टरांची भीती म्हणून मला खोटी वाटत नाही.

ब्रँडबद्दल. १९७५ साली सरकारने नेमलेल्या जयसुखलाल हाथी समितीने ब्रँडनावं टप्प्याटप्प्याने बंद करा असं सांगितलं होतं. १९८१ मध्ये ॲनाल्जिन, ॲस्पिरिन, लोहाची गोळी अशा पाच औषधांपुरता तसा आदेशही निघाला. कंपन्या कोर्टात गेल्या, तो टिकला नाही. तेव्हा टिकला असता आणि पुढे बाकीच्या औषधांनाही लागू झाला असता तर कृष्णाकाठताईंच्या आजोबांच्या दोन्ही स्ट्रिपांवर एकच नाव असतं. आता २०१८ पासून मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन आकारांनी मोठ्या अक्षरांत छापायचा नियम आहे, पण तीन किंवा जास्त औषधांच्या मिश्रणाला तो लागू नाही, आणि आपल्याकडे मिश्रणांचंच पीक आहे.

आणखी एक, आणि हे लिहिताना आजही हात थरथरतो. जानेवारी-फेब्रुवारी १९८६. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा, डोळ्यावरचा दाब कमी व्हावा म्हणून पेशंटना ग्लिसरीन दिलं गेलं. ते कारखान्यात वापरायचं ग्लिसरीन होतं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. मूत्रपिंडं बंद पडून चौदा माणसं गेली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, तपासणी, परवाने, एफडीए (राज्याचं अन्न व औषध प्रशासन), मंत्रालय, सगळ्यांची कवाडं उघडून दाखवली. आम्ही प्रयोगशाळेत तो अहवाल मोठ्याने वाचला होता. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मी पुन्हा तेच नाव वर्तमानपत्रात वाचलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लहान मुलं, खोकल्याचं औषध, डायएथिलीन ग्लायकॉल. त्यातली कितीतरी मुलं उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती आणि तिथेच गेली. वीसहून जास्त मुलं. चाळीस वर्षांनी तेच विष. ते औषध तर ब्रँडचंच होतं.

म्हणून मी ब्रँड की जेनेरिक असं विचारत नाही. ही बॅच कुणी तपासली, असं विचारतो.

एडिसनकर

न्यू जर्सीत सतरा वर्षं झाली. इथे हे उलटं आहे, म्हणून सांगतो. इथे फार्मासिस्टने जेनेरिक देणं हीच रीत आहे. डॉक्टरांना ब्रँडच हवा असेल तर त्यांना चिठ्ठीवर तसं मुद्दाम नमूद करावं लागतं. दहातल्या नऊ चिठ्ठ्या जेनेरिकनेच भरल्या जातात. बाटलीवर लिहिलेलं असतं, हे अमुक ब्रँडच्या जागी दिलंय. आणि कित्येक बाटल्यांवर माल भारतातला असतो, गोवा, इंदूर, हैदराबाद.

पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९५० च्या दशकात इथल्या बहुतेक राज्यांनी फार्मासिस्टने चिठ्ठीतला ब्रँड बदलू नये असे कायदे केले होते, तुमच्या ११-अ सारखेच. १९७० च्या दशकात ते एकेका राज्याने रद्द करायला सुरुवात केली. पण नुसते रद्द केले नाहीत. १९८० पासून एफडीए, म्हणजे इथली अमेरिकेची सरकारी औषध संस्था, एक यादी छापते, कव्हर नारिंगी म्हणून तिला ऑरेंज बुक म्हणतात. कोणत्या कंपनीची कोणती गोळी कोणत्या गोळीच्या जागी चालेल ते त्यात असतं. फार्मासिस्ट स्वतःच्या मनाने ठरवत नाही, यादी बघतो. १९८४ ला जेनेरिकची मंजुरी सोपी करणारा हॅच-वॅक्समन कायदा आला आणि मग जेनेरिकचा ओघ सुरू झाला.

आपल्याकडे अशी यादी कुणी करेल का? पिंपरीकाकांनी सांगितलेल्या चाचण्यांचे निकाल सगळ्यांना बघता येतील अशी?

बर्मिंगहॅमहून वैशाली

थोडं विषयांतर, पण राहवलं नाही. माझ्या सासऱ्यांचा कुर्ल्याला भंगाराचा धंदा होता आणि मी इथे एका भंगाराच्या यार्डात हिशेब बघते. २०१० च्या आसपास इथे तांब्याची रेल्वेची केबल आणि चर्चच्या छपरावरचं शिसं इतकं चोरीला जात होतं की गाड्या बंद पडायच्या. २०१३ ला भंगार व्यापाऱ्यांसाठी नवा कायदा आला. स्थानिक कौन्सिलचा परवाना, रोख पैसे देणं बंद, विकणाऱ्याचं ओळखपत्र तपासायचं, गाडीचा नंबर लिहायचा आणि ती नोंद तीन वर्षं ठेवायची. मी रोज ती नोंद करते. नवऱ्याने आणलेलं असलं तरी ओळखपत्र मागावं लागेल इतकी ती सवय झालीय.

हे का लिहिलं, तर माझा भाऊ मिरजेला मेडिकलमध्ये आहे. तो सांगतो, एच-वन रजिस्टर, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं वगैरेंच्या विक्रीची वही, तीसुद्धा तीनच वर्षं ठेवायची असते. पण कित्येक दुकानांत ती महिनाअखेरीला एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. इथे जुन्या तांब्याच्या तारेला जेवढी कडक नोंद आहे, तेवढी तिथे टीबीच्या औषधाला नाही. वाईट वाटतं.

वाळव्याचं मेडिकल

मी दुकानदार आहे, फार्मासिस्ट पगारावर ठेवलाय. सर्टिफिकेट नाही ठेवलेलं, माणूस ठेवलाय. त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

ताई, तुमचं सगळं पटतं, पण हिशेब बघा. दुकान सकाळी आठ ते रात्री साडेदहा. म्हणजे एक फार्मासिस्ट पुरत नाही, दोन पाहिजेत. अत्यावश्यक यादीतल्या औषधांवर मला सोळा टक्के मार्जिन धरलंय. त्यात लाइट, भाडं, फ्रिज, एक्स्पायरीचा माल, जो काही स्टॉकिस्ट परत घेतच नाहीत. शेजारचा सर्टिफिकेट लावून मोकळा, त्याला एक पगार वाचतो. मोबाइलवरच्या कंपन्या वीस टक्के सूट देतात. मग मी टिकायचं कसं? म्हणून तुम्ही म्हणता तो "जेनेरिक माल" मीही ठेवतो. त्यातूनच फार्मासिस्टचा पगार निघतो. खोटं कशाला बोलू.

२०१२-१३ च्या सुमारास महेश झगडे आपल्या राज्याच्या एफडीएचे आयुक्त होते, तेव्हा फार्मासिस्ट नाही म्हणून दुकानांवर धडाधड कारवाई झाली. आम्ही बंद पाळले. मीही शटर खाली ओढलं होतं. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या वेळी आम्ही "दोन फार्मासिस्ट परवडतील असं मार्जिन द्या, मग खुर्ची रिकामी दिसली तर परवाना काढून घ्या" असं म्हणायला पाहिजे होतं. आम्ही फक्त कारवाई थांबवा म्हणालो. ते साहेब बदलून गेल्यावर सगळं जिथल्या तिथे आलं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

डॉक्टर, फेनिटॉइनचं तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. अशा औषधांची वेगळी यादी असावी, जिथे फार्मासिस्टनेही हात लावायचा नाही. माझ्याकडे आकडीचे जे पेशंट आहेत त्यांच्या वहीवर मी कंपनीचं नाव लाल पेनाने लिहून ठेवते आणि तोच माल आधी मागवून ठेवते. एखाद्या महिन्यात नाही मिळाला तर त्यांच्या डॉक्टरांना फोन करते. हे काम कुणी बघत नाही आणि याचे पैसेही मिळत नाहीत, पण माझ्या मते फार्मासिस्टचं खरं काम हेच आहे.

वाळव्याचे दादा, तुम्ही माणूस ठेवलाय, तुमच्यावर माझा रोख नव्हताच. तुमच्या हिशेबाला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही. फार्मासिस्ट असेल तेवढेच तास चिठ्ठीवरची औषधं विका. मी तेच करते. माझ्या दुकानावर पाटी आहे, "चिठ्ठीवरची औषधं सकाळी ९ ते दुपारी २ आणि ४ ते ९." दोन ते चारमध्ये माझा दीर बसतो, तो बाळाचे डायपर, ओआरएस आणि साबण देतो. सुरुवातीला गिऱ्हाईक शेजारी गेलं. वर्षभरात बरंचसं परत आलं. तेव्हा घर माझ्या मिस्टरांच्या पगारावर चाललं, हेही सांगते, कारण सगळ्यांना हे जमणार नाही. म्हणूनच तुमचं मार्जिनचं म्हणणं सरकारसमोर मांडायला हवं. दुकानदारांच्या बैठकीत तुम्ही तो विषय काढलात तर मी स्वतः येऊन बोलायला तयार आहे.

पिंपरीकाका, केंद्राची औषध संस्था दर महिन्याला नापास बॅचांची यादी काढते. मी ती छापून कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवते आणि नवा माल आला की बॅच नंबर ताडून बघते. आत्तापर्यंत दोनदा सापडला. दोन्ही वेळा माल परत केला, पण त्या बॅचच्या आधी विकलेल्या स्ट्रिपा कुणाकडे गेल्या ते बिलांवरून शोधायला मला तीन दिवस लागले. अकरा घरी फोन केले. वैशालीताई, तुमच्या यार्डातल्या नोंदीसारखी नोंद प्रत्येक दुकानात असती तर ते काम दहा मिनिटांत झालं असतं.

एडिसनकर, तशी यादी इथे झाली तर मी तीही दाराला लावेन.

मुळामुठा

ताई, तुमचा पहिला प्रसंग वाचून काल रात्री आईचा औषधांचा डबा उघडला. जनऔषधीची एक स्ट्रिप आहे, त्यावर मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १ असं लिहिलंय. आणि बाहेरून आणलेली एक आहे, तिच्यावर मोठं नाव वेगळंच, पण मागे बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइड १. आई दोन्ही घेते, सकाळी. चिठ्ठी दोन महिन्यांपूर्वीची आहे, तिच्यावर अक्षर लागत नाही. परवा पहाटे तिला घाम फुटला होता आणि हात कापत होते, आम्हाला वाटलं उकाड्याने. हे एकच औषध दोनदा जातंय का?

कृष्णाकाठ

जातंय असं दिसतंय, आणि घाम आणि हात कापणं हे साखर खाली गेल्याचंही लक्षण असू शकतं. डॉक्टरांनी मुद्दाम दोन मिलिग्रॅम होण्यासाठी दोन्ही लिहिल्या असतील अशीही शक्यता आहे, म्हणून इथे वाचून स्वतःहून काही बंद करू नका. पण उद्याची वाट बघू नका. आत्ताच आईंची साखर मोजा, घरी मशीन नसेल तर जवळच्या दवाखान्यात न्या. सत्तरच्या खाली असेल आणि त्या नीट गिळू शकत असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि तशाच दवाखान्यात घेऊन जा. गुंगीत असतील तर तोंडातून काहीही देऊ नका, थेट १०८ ला फोन करा. दोन्ही स्ट्रिपा आणि ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांसमोर ठेवा, आणि मूळ नावं मोठ्या अक्षरांत लिहून मागा. झालं की इथे कळवा, मी जागी आहे.

मुळामुठा

मोजली. ५८. साखरपाणी दिलंय, पंधरा मिनिटांनी ८४. आता दवाखान्यात निघालोय, दोन्ही स्ट्रिपा खिशात आहेत.